साठ किलोपाशी पाय का थिजतात?

कोल्हापूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ३६, वजन ६२ किलो, चार वर्षं नियमित जिम. गेल्या वर्षी त्या ८० किलोचे तीन स्क्वॉट (वजनाचा बार खांद्यावर घेऊन खाली बसून उठणं) स्वच्छ मारत होत्या. एके दिवशी ८५ चे दोन मारायला गेल्या आणि दुसऱ्याला खालून उठताच येईना. रॅकच्या सेफ्टी पिन, म्हणजे खाली आलेला बार अडवणाऱ्या आडव्या लोखंडी दांड्या, लावलेल्या नव्हत्या. शेजारचा एक मुलगा धावत आला, मागून बार ओढू लागला, बार मानेवर सरकला. आणखी दोघं आले तेव्हा कुठे सुटका झाली. त्यानंतर घरात लग्न निघालं, तीन आठवडे जिम बंद. परतल्यावर पहिल्याच दिवशी ७५ चे पाच घ्यायला गेल्या आणि चौथ्याला कंबरेत उसण भरली. एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’, म्हणजे मणक्यांमधली चकती बाहेर फुगलेली, निघाला. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका. सासूबाई म्हणाल्या, तू आडवी झालीस तर घरचं कोण बघणार? आता सहा महिने झालेत, दुखणं थांबलंय, फिजिओथेरपिस्टने हळूहळू सुरू करायला परवानगी दिली आहे. रिकामा बार ठीक, ४० किलोही ठीक. ६० लावले की बार खांद्यावर घेतात, दोन पावलं मागे येतात, छाती धडधडते, पाय थिजतात आणि बार परत ठेवून देतात. ट्रेनर म्हणतो, “मनातली भीती काढून टाका, एकदा खाली जाऊन तर बघा.” चार महिन्यांनी जिल्हा पातळीवर पॉवरलिफ्टिंगची (स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तीन प्रकारांची) स्पर्धा आहे, तिथे नाव द्यायचं मनात होतं. त्या विचारतात: ही भीती कायमची कशी घालवू? की आता वय झालं समजून लेग प्रेसवर, त्या पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर, समाधान मानू? आणि पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, “सगळे बघत होते, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.”

*

तुमच्या पत्रात ‘भीती’ हा शब्द सात वेळा आलाय आणि ‘सेफ्टी पिन’ एकदाच, तोही जाता जाता. मला वाटतं, गाडी नेमकी इथेच चुकीच्या फाट्याला लागली आहे. तुम्ही आणि तुमचे ट्रेनर दोघंही भीतीला रोग मानून औषध शोधताय. पण ज्या रॅकमध्ये अडकलात तिथून सुटायची वाट तेव्हाही नव्हती आणि पत्रावरून दिसतं की आजही नाही. पिन न लावता ६० किलोखाली बसायला शरीर नकार देत असेल, तर त्याचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

आधी थोडं गणित करू. किती रेप (सलग उठबशा) मारल्या त्यावरून एका रेपची कमाल क्षमता काढायचं एक सूत्र जिममध्ये वापरतात, एपलीचं: वजन गुणिले (१ अधिक रेप भागिले ३०). तुमचे ८० चे तीन म्हणजे ८८ किलो. ८५ चे दोन मारायला क्षमता हवी जवळजवळ ९१ ची. हा अंदाज आहे, दोन-चार किलो इकडेतिकडे होतात. पण त्या दिवशी दुसरा रेप अडकला तो हिंमत कमी पडली म्हणून नाही, तो हिशेबातच काठावरचा होता. आता उसण भरली तो दिवस बघा. ७५ चे पाच म्हणजे ८७.५. तीन आठवड्यांची सुट्टी, लग्नघरातली जागरणं, आणि पहिल्याच दिवशी तुम्ही शरीराकडे आयुष्यातल्या सर्वोत्तम दिवसाएवढं काम मागितलंत. आकडा ८० पेक्षा लहान होता म्हणून तो हलका वाटला, एवढंच.

म्हणजे ज्यांना तुम्ही ‘दोन अपयशं’ म्हणता ती दोन्ही वजन ठरवण्यातली चूक आहे. तुमच्या पायांबद्दल, कंबरेबद्दल किंवा वयाबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. छत्तिसाव्या वर्षी ताकद वाढायची थांबत नाही. पॉवरलिफ्टिंगमध्ये ‘मास्टर्स’ हा वयोगटच मुळी चाळिशीपासून सुरू होतो.

आणखी एक आकडा तुमच्या नजरेतून सुटलाय. रिकामा बार २० चा, मग दोन्ही बाजूंना दहा-दहा लावून ४०, मग वीस-वीस लावून ६०. हाताशी असलेल्या प्लेट तशा, म्हणून उड्याही तशा. पण ४० वरून ६० म्हणजे एकदम दीडपट. कंबर दुखून उठलेल्या कुणालाही ते वजन खांद्यावर भलतंच वाटेल. मधे ५० आणि ५५ चा एकेक छोटा सेट घेतलात तर ६० किलो ‘भीतीचा आकडा’ उरतो का, हे आधी तपासायला हवं.

आता भीतीकडे येऊ. ती एक नाही, तीन आहेत असं मला दिसतं. बारखाली अडकण्याची, कंबर पुन्हा जाण्याची, आणि चारचौघांत फजिती होण्याची. तिन्हींना एकच उपाय लागू पडत नाही, म्हणून ‘मनातून काढून टाका’ हा सल्ला कुठेच पोचत नाही.

अडकण्याची भीती सगळ्यात सोपी, कारण तिचं उत्तर लोखंडाचं आहे. पिन अशा लावा: रिकामा बार घेऊन पूर्ण खाली बसा, मांडीचा सांधा गुडघ्याच्या वरच्या पातळीच्या किंचित खाली जाईपर्यंत. त्या स्थितीत बार जिथे असेल त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली पिन हवी. वर राहिली तर प्रत्येक रेपला बार तिच्यावर आपटून तोल जाईल. फार खाली राहिली तर बार टेकेपर्यंत तुमची घडी झालेली असेल. भोकांच्या मापात नेमकं बसत नसेल तर खालचं भोक घ्या. मग परीक्षा: खाली बसल्यावर छाती जराशी पुढे सैल सोडा. बार पिनवर टेकला पाहिजे आणि तुम्हाला त्याखालून पुढे सरकून बाहेर पडता आलं पाहिजे. बूट बदलले, बार पाठीवर वर-खाली घेतला तरी उंची बदलते, तेव्हा ही परीक्षा दर वेळी.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. मुद्दाम अडकायचा सराव करा. रिकाम्या बारने खाली जा, उठायचा प्रयत्न सोडा, बार शांतपणे पिनवर ठेवा, खालून निसटा. तीन-चार वेळा. पुढच्या दिवशी ३० किलोने, मग ४० ने. बार टेकतानाचा तो खणखण आवाज कानाला सवयीचा झाला पाहिजे. तुमच्या शरीराला ‘उठता आलं नाही’ याचा एकच शेवट माहीत आहे, मानेवर सरकलेला बार. दुसरा शेवट त्याला सांगून पटणार नाही, दाखवावाच लागेल.

जिममध्ये पिन असलेला रॅकच नसेल, नुसते दोन खांब असतील, तर तिथे जड स्क्वॉट एकट्याने करू नका. लोखंडी प्लेट आणि फरशी असताना बार मागे टाकून देण्याचा विचारही नको. ती युक्ती रबरी बंपर प्लेट आणि मोकळ्या जागेसाठी आहे. बारच्या दोन टोकांना दोन माणसं उभी करा, किंवा दुसरी जिम शोधा. स्मिथ मशीन पायांना ताकद देईल, पण तिथे बार रुळावर चालतो, तोल तुम्हाला सांभाळावा लागत नाही. त्यामुळे तिथे मिळालेला धीर मोकळ्या बारपाशी फारसा टिकत नाही. लेग प्रेसचंही तेच. दोन्ही जोडीला ठेवा, बदली म्हणून नको.

सपोर्ट देणाऱ्याबद्दलही बोलायला हवं, कारण त्या मुलाने मदतीच्या ओढीने जे केलं ते नेहमी होतं. मागे उभं राहून बार ओढला की तो पाठीवरून मानेकडे घरंगळतो. मागे एकच माणूस असेल तर त्याने बारला नाही, तुम्हाला धरायचं: काखेखालून हात घालून छातीशी, आणि तुमच्याबरोबर वर यायचं. दोघं असतील तर दोन टोकांना, आणि दोघांनी एकाच क्षणी. एकाने आधी उचललं तर बार तिरका होऊन कंबरेला पीळ बसतो. शब्द आधी ठरवा. तुम्ही “घे” म्हणाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि म्हणाल्यावर सोडायचं नाही. बाईमाणसाला असं धरायला संकोच वाटतो म्हणून मुलं बारच ओढतात. म्हणून हे बोलणं सेटच्या आधीच व्हायला हवं, किंवा सोबतीला एखादी मैत्रीण तयार करावी.

कंबरेची भीती जरा नाजूक. डॉक्टरांनी ‘वजन उचलू नका’ म्हटलं ते कंबर धरलेली असताना. ती सूचना किती दिवसांची होती, हे तुम्ही विचारलेलं दिसत नाही. फिजिओथेरपिस्टकडे पुढच्या खेपेला वही घेऊन जा आणि नेमकं विचारा: किती किलोपासून, किती खोल, आठवड्यातून किती वेळा, आणि कोणतं लक्षण दिसलं की थांबायचं. ‘हळूहळू सुरू करा’ या शब्दांवर कुणालाच धीर येत नाही.

रिपोर्टमधल्या त्या दोन शब्दांनी तुम्हाला जास्त घाबरवलंय असं वाटतं. अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे मणके तपासले तरी डिस्क बल्ज दिसतो. अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वेदना नसलेल्या विशीतल्या लोकांत बल्जचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं आणि वयाबरोबर ते वाढत जाऊन ऐंशीच्या वयात ८४ टक्के. तेव्हा तो बल्ज उसणीच्या आधीपासूनही असू शकतो. याचा अर्थ दुखणं खोटं होतं असा नाही. फोटोवरून कंबर ‘मोडकी’ ठरत नाही, इतकाच.

रोजच्या वापराला एक साधा नियम. दहापैकी दोन-तीनपर्यंतची कुरकुर चालेल, जर ती सेटगणिक वाढत नसेल आणि २४ तासांत पूर्वपदावर येत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी वाकताना जास्त दुखलं तर पुढच्या वेळी दहा टक्के वजन कमी. दुखणं गुडघ्याखाली उतरलं, पायाला मुंग्या आल्या की व्यायाम थांबवून दाखवून या. आणि पाय लुळा पडतोय, बैठकीच्या जागी बधिरपणा आहे, लघवी-शौचावरचा ताबा सुटतोय, यातलं काहीही झालं तर उद्यावर न टाकता सरळ हॉस्पिटल.

सासूबाईंच्या वाक्यात टोमणा असेल, पण ती चिंता तुमचीही आहे, असं पत्र वाचताना वाटलं. बारखाली उभं राहिल्यावर डोक्यात ८० किलो नसतात, उद्याचा डबा आणि मुलांची शाळा असते. त्यावर माझ्याकडे व्यायामाचा उपाय नाही. मात्र ‘कंबर जपायची म्हणून वजन टाळायचं’ हे गृहीतक तपासा: गॅसचा सिलिंडर, पाण्याची कळशी, झोपलेलं मूल तुम्ही उचलताच आहात. मजबूत कंबर घरालाही हवीच आहे.

आता प्रत्यक्ष वजनं. आठवड्यातून दोन दिवस, समजा सोमवार आणि गुरुवार. सोमवारी मुख्य काम: ४० किलोपासून सुरुवात, पाच रेपचे तीन सेट, प्रत्येक रेपला तळाशी दोन सेकंद थांबून. गुरुवारी त्याच्या ८० टक्के, तसंच थांबून. दर सोमवारी अडीच किलो वाढवा. आठव्या आठवड्यात ५७.५ येतील. तिथून पुढे वाढ एकाच किलोची. अर्ध्या किलोच्या छोट्या प्लेट लागतील, जिममध्ये नसतील तर स्वतःच्या घ्या, बॅगेत राहतात. म्हणजे अकराव्या आठवड्यात ६०.५. तुम्हाला हे रडत-खडत वाटेल. पण तुमची क्षमता एवढी घसरलेली नाही, ६० तुम्ही आजही उचलाल; प्रश्न तिथे थिजण्याचा आहे, आणि ज्या दिवशी ५९.५ वरून ६०.५ वर जाल त्या दिवशी पाठीला फरक कळणारसुद्धा नाही. तो तसा न कळणं हाच या संथपणाचा हेतू.

तळाशी थांबायचं कशासाठी? कारण तुम्ही अडकलात तळाशी, आणि घाबरलेला माणूस तिथे सर्वांत कमी वेळ घालवतो: दाणकन खाली जातो, श्वास सोडतो, आदळून वर यायला बघतो. त्यात पोटाचा ताण सुटतो, ढुंगण आधी वर येतं, छाती पडते, बार पुढे जातो, आणि सगळा भार कंबरेवर. मला शंका आहे की तुमचा ८५ चा दुसरा रेप असाच गेला असेल. दोन सेकंद थांबून उठायला शिकलात की तळ ओळखीचा होतो. याच कारणासाठी, काही जण सुचवतात तसं भलतं जड वजन नुसतं खांद्यावर घेऊन उभं राहण्याचा प्रकार तुमच्यासाठी मला फार उपयोगाचा वाटत नाही. तुम्ही उभ्या उभ्या कधीच अडकला नव्हता.

बार घेण्याची पद्धत दर वेळी तंतोतंत एकच ठेवा, अगदी रिकाम्या बारलाही. हूक अशा उंचीवर की गुडघे किंचित वाकवून बार निघेल. टाचा उचलाव्या लागत असतील तर उंची चुकली, कारण दमून परत ठेवताना तीच उंची घात करते. हात बारवरच्या खुणेपासून दोन्हीकडे समान. श्वास पोटात आणि कुशीत भरून रोखायचा, बार उचलायचा, दोन पावलं मागे, तिसरं फक्त पाय नीट करायला. नवा श्वास, आणि खाली. पाय स्थिरावल्यापासून खाली जाईपर्यंत पाच सेकंदांहून जास्त नको. उभं राहून विचार करत बसलात की धडधड वाढतच जाते. (रक्तदाब, हर्निया, काचबिंदू किंवा गरोदरपण असेल तर हा श्वास रोखण्याचा प्रकार डॉक्टरांना विचारूनच, हे इतर वाचकांसाठी.) जिमला निघताना कडक कॉफी किंवा ती प्री-वर्कआउटची पावडर घेत असाल तर काही आठवडे बंद करा. निम्मी धडधड तिची निघायची शक्यता आहे.

बूट धावण्याचे, मऊ तळाचे असतील तर बदला. साधे सपाट कॅनव्हासचे चालतील. बेल्ट कंबरेला सांभाळत नाही, पोटाला दाबायला भिंत देतो. श्वास धरता येत नसेल तर बेल्टचा उपयोग ताईतापुरताच. आणि कोल्हापुरात असल्यामुळे कुणी तरी ‘आधी शंभर बैठका मारा’ म्हणेलच. तालमीतली बैठक चवड्यांवर जाते, बारचा स्क्वॉट पूर्ण तळव्यावर, टाच टेकवून. बैठका दमसासाला उत्तम. स्क्वॉटच्या आधी मात्र पंधरा-वीस पुरे.

बार परत ठेवावासा वाटला तर ठेवा, त्याला बंदी नाही. पण ठेवून तिथून निघून जाऊ नका. टाळलं की क्षणभर हायसं वाटतं, आणि तेवढ्याने शरीर शिकतं की टाळणं हाच उपाय. म्हणून नियम असा: एकदा बार परत ठेवला की पाच किलो काढायचे आणि त्या दिवसाचे सगळे सेट त्या वजनाने पूर्ण करायचे. प्लेट काढताना एकदा इकडची, एकदा तिकडची. एका बाजूच्या सगळ्या काढल्या की बार उलटू शकतो.

वहीत प्रत्येक सेटपुढे दोन आकडे लिहा: अजून किती रेप निघाल्या असत्या, आणि भीती दहापैकी किती. तीन रेप शिल्लक आणि भीती चारपर्यंत असेल तरच पुढच्या सोमवारी वजन वाढवा. नाहीतर तेच वजन पुन्हा. फोन कंबरेच्या उंचीवर, बाजूने लावून शूट करा आणि आकडे लिहून झाल्यावरच बघा. जो रेप ‘मरता मरता वाचले’ असा वाटला तो व्हिडिओत आधीच्याच गतीने गेलेला दिसेल, बऱ्याचदा. कधी कधी खरंच मंदावलेला दिसेल, तेव्हा वहीतला आकडा दुरुस्त करा.

‘सगळे बघत होते’ याबद्दल. पहिले काही आठवडे गर्दीची संध्याकाळ टाळा, सकाळी उशिरा किंवा दुपारी जाता आलं तर बघा. हे कायमचं पळून जाणं नाही. मुद्दाम अडकायचा सराव शांततेत व्हावा एवढ्यासाठी. तो अंगवळणी पडला की एकदा भर संध्याकाळी, सगळ्यांदेखत, हलक्या वजनाने करा. कुणी धावत आलं तर हाताने थांबवा आणि स्वतःच बाहेर या.

राहिली स्पर्धा. वरच्या हिशेबाने सतराव्या आठवड्यात तुम्ही ६६.५ चे पाच माराल, म्हणजे कमाल क्षमता ७७-७८ च्या घरात. ८८ तेव्हा परत आलेले नसतील. ते आकडे परत मिळवायचे म्हणूनच जाणार असाल तर या वर्षी नाव देऊ नका. पण एक बाजू विसरू नका: स्पर्धेच्या मंचावर सपोर्टला नेमलेली माणसं उभी असतात, म्हणजे तुम्ही अडकलात त्या कोपऱ्यापेक्षा ती जागा कितीतरी सुरक्षित. स्क्वॉटचे तीन प्रयत्न मिळतात, तिन्ही हुकले तर त्या दिवशीची तीन प्रकारांची एकूण बेरीजच मिळत नाही. म्हणून गेलात तर पहिला प्रयत्न ६५ चा टाका, दुसरा ७०, आणि तिसऱ्याचा आकडा दुसरा कसा उठला ते बघूनच सांगा. चौदाव्या आठवड्यापर्यंत वहीतली भीती चारच्या खाली आली नसेल तर फॉर्म भरू नका. त्या दिवशी प्रेक्षक म्हणून जा आणि सपोर्टची माणसं हात कुठे ठेवतात ते नीट बघून या.